घटस्थापनेचा सीपीयू

पहाटे ५:५०

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५. औंधात आज घट बसायचेत. यमाईच्या डोंगराकडं जाणाऱ्या वाटेवर उजाडायच्या आधीच माणसं दिसतात. आभाळ भरलेलं आहे.

सर ओट्यावर बसून फोनवरचे भाव वहीत उतरून घेतायत. पेन्सिलीनं. दहा वाजता दुकानं उघडली की यातले दोन-तीन आकडे खोडावे लागतात. साताऱ्याचे दोन आणि पुण्याचा एक डीलर रात्रीच व्हॉट्सॲपवर दर टाकतात. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी. सगळ्यांचे दर सारखे नसतात. शंभर-दीडशेचा फरक असतो, आणि सरांची कमाई त्या फरकातच आहे.

बरीच वर्षं त्यांनी एमएस-सीआयटीचा क्लास चालवला, म्हणून गाव त्यांना सर म्हणतं. आता क्लास नाही. स्टँडजवळ एका गाळ्यात झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म आणि दुरुस्ती चालते. महिन्याला दोन-तीन नवे कॉम्प्युटर जोडून देतात. गाळ्याचं भाडं अडीच हजार, लाइटबिल वेगळं.

आजचं काम नव्या जोडणीचं. गिऱ्हाईक अठरा वर्षांचं आहे. त्याला गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा आहे. मागच्याच आठवड्यात घेणार होता, पण आजीनं पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणू दिली नाही.

सकाळी ७:१५

शटर वर. पोरगा आधीच पायरीवर बसलेला. वडील डेअरीला दूध घालून सरळ इकडंच आलेत, रिकामी किटली मोटरसायकलला तशीच अडकवलेली.

सरांनी वहीचं पान उलटं केलं आणि वर आकडा लिहिला : ४२,०००. हा आकडा तीन ठिकाणांहून आला आहे. चुलते कोईमतूरला गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी गाळायच्या. त्यांनी १५,००० फोनवरून पाठवले. वडिलांनी दुधाच्या पगारातून २०,००० बाजूला काढले. दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, त्यातून पेंड आणि डॉक्टर वजा करून एवढे साठवायला किती पगार लागले असतील ते वाचकानं मोजावं. उरलेले ७,००० पोराचे स्वतःचे. लग्नसराईत केटरिंगवाल्याकडं वाढपी म्हणून गेला होता, दिवसाला चारशे.

वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, “सर, आजपस्नं जीएसटी कमी झालाय म्हणं?”

“झालाय आण्णा, पण मोठ्या टीव्हीवरचा, एसीवरचा. अठ्ठावीसचा अठरा झाला. ह्या सामानावर आधीपास्नंच अठरा आहे.”

दुसरा प्रश्न जरा थांबून आला. “आन् ते गेम म्हंजी... रमी-बिमी न्हाय न्हवं? त्याच्यावर तर बंदी आली म्हणं.”

“पैसे लावायचे खेळ गेल्याच महिन्यात कायद्यानं बंद झालेत. हा पैशाचा खेळ नाही. आणि हा बीसीएला आहे ना? कॉलेजचं कामपण ह्याच्यावरच करायचंय.”

वडिलांनी मान हलवली. नोटांचं पुडकं आणि फोन पोराकडं देऊन ते गेले. वैरण कापायची होती.

आता खरं काम सुरू झालं. पोराच्या फोनमध्ये यादी तयार होती. रील बघून केलेली. काचेचं कॅबिनेट, चार रंगीत पंखे, आत एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बसवूनच येतो, सगळं मिळून ३,२००. प्रोसेसर रायझन ५ ५५००. आणि जुनं ग्राफिक्स कार्ड, आरएक्स ५८०, आठ जीबी, ६,५०० ला.

सरांनी यादी खोडली नाही. तिच्या शेजारी दुसरा रकाना आखला. मला त्यांची ही पद्धत आवडली.

“५५०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणजे कार्ड बसवल्याशिवाय डिस्प्लेच येणार नाही. उद्या ते जुनं कार्ड गेलं तर कॉम्प्युटर नुसता उभा राहील. कॉलेजचं कामही बंद. ५६०० जी घेतला तर ग्राफिक्स आतच आहे. तीन हजारानं महाग. पण कार्ड नसलं तरी चालतो. कार्ड पुढच्या वर्षी चांगलं घे, नवं.”

“पण सर, कार्डाशिवाय गेमिंग म्हणजे...”

“तू खेळतोस काय?”

“व्हॅलोरंट. थोडं जीटीए.”

“मग पुरंल.”

पोराचा चेहरा पडला. त्यानं बेरीज करून बघितली. सरांच्या रकान्यात प्रोसेसर बदलला आणि कार्ड धरलं तर बेरीज ४२,००० च्या तीन हजारांहून वर जात होती. मजुरी त्याच्या बाहेर. तो म्हणाला, यूपीएस काढू. सर म्हणाले, औंधात यूपीएस काढायचा? तो म्हणाला, मग एसएमपीएस साधा घेऊ. यावर सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

“एसएमपीएसमध्ये कापायचं नाही. बाकी कुठंही काप.”

असं वीस मिनिटं चाललं. शेवटी ठरलं ते असं : साताऱ्यात जुनं कार्ड बघायचं. चांगलं निघालं तर पुन्हा हिशेब मांडायचा.

सकाळी ८:४०

एसटी. रहिमतपूरवरून सातारा, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मोटरसायकलवर दोनशेच्या पेट्रोलमध्ये भागलं असतं, पण येताना मॉनिटरचा आणि कॅबिनेटचा खोका मोटरसायकलवर येत नाही. गाळ्यात आता वहिनी, सरांच्या पत्नी, बसल्यात. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी नुकतंच सुरू झालंय, म्हणून आठ वाजताच बायका आधार कार्ड घेऊन आल्या होत्या.

बसमध्ये सरांना दोन फोन आले. दुसरा एका पतसंस्थेतून. तिथले कॉम्प्युटर सातव्या पिढीच्या इंटेलचे. विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार, आणि विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणं आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मशीन धडधाकट आहे पण यादीत नाही. सरांनी सांगितलं, “घाई करू नका, परवा येऊन बघतो.” फोन ठेवून ते मला म्हणाले की या दिवाळीत असली पाच तरी कामं येतील.

सकाळी १०:२५

पोवई नाक्याजवळचं होलसेल काउंटर. दुकान अरुंद, माल छतापर्यंत. काउंटरवरची मुलगी सरांना ओळखते. पाणी आलं.

प्रोसेसर १०,३०० ला. वहीत १०,२०० होता, खोडला. सर खोका उघडण्याआधी त्याच्या खिडकीतून चिप बघतात आणि सील बघतात. मग बोर्ड. बी४५० चा, रॅमच्या चार खाचांचा, ५,६००. या जातीचे बोर्ड २०१८ पासून बाजारात आहेत. गोदामात जुना पडून राहिलेला बोर्ड हाती आला तर त्यातलं बायोस ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखत नाही. गावात परत जाऊन जोडायचं, बटण दाबायचं आणि काळा पडदा बघायचा. म्हणून खोक्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ची चिकटपट्टी आहे की नाही हे सर बोट ठेवून बघतात. पहिल्या खोक्यावर नव्हती. मुलीनं आतून दुसरा आणला.

रॅम. पोरगा म्हणाला, “सोळाची एकच काडी घेऊया, पुढं दुसरी टाकता येईल.” सरांनी आठ-आठच्या दोन मागितल्या, १,७५० ची एक. “तुझ्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. ते हीच रॅम वापरणार. दोन काड्या असल्या की दोन्हीकडनं एकदम डेटा येतो. रात्री दाखवतो तुला.” एसएसडी ५०० जीबी, २,९५०.

बिल पोराच्या वडिलांच्या नावावर. सगळ्या वस्तूंचे सीरियल नंबर बिलावर आले का, हे सर एकेक खोका हातात घेऊन ताडून बघतात. हे काम कंटाळवाणं आहे. तीन वर्षांनी वॉरंटी मागायची वेळ आली की याच कागदावर सगळं अवलंबून असतं.

सकाळी ११:४०

जुन्या सामानाचं दुकान, एका बोळात. दारातच मॉनिटरचे सांगाडे. कार्ड काचेखाली ठेवलेलं. पंखे पुसलेले, चकचकीत.

आरएक्स ५८० हे कार्ड एप्रिल २०१७ मध्ये आलं. चांगलं कार्ड होतं. पण यातली असंख्य कार्डं खेळापेक्षा क्रिप्टो नाणी खणायला वापरली गेली, रात्रंदिवस, एका रॅकवर सहा-सहा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि सगळी कार्डं जुन्या बाजारात आली. काही पाण्यानं धुऊन, काही नवा पंखा बसवून.

सरांनी कार्ड चालवून बघायला मागितलं. दुकानदारानं टेबलावरच्या उघड्या बोर्डावर बसवून दिलं. डिस्प्ले आला. पोरगा खूश. सरांनी पेनड्राइव्हवरून कार्डाची माहिती दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालवलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथं २०४८ होतं.

“खऱ्या ५८० मध्ये इथं २३०४ असतं. ही चीनच्या बाजारासाठी काढलेली हलकी आवृत्ती. नाव तेच छापतात.”

दुकानदारानं वाद घातला नाही. आपल्याकडं असंच आलंय, म्हणाला, पाच हजारांत घ्या. वॉरंटी? दुकानाच्या पायरीपर्यंत. पोरगा कार्डाकडं बघत राहिला. मग स्वतःच म्हणाला, “चला सर.”

बोळातून बाहेर येईपर्यंत तो बोलला नाही. सरही बोलले नाहीत. मला वाटतं, सकाळी वीस मिनिटं समजावून जे झालं नव्हतं ते त्या चार आकड्यांनी केलं. शिकवायचा अनुभव असलेला माणूस कधी बोलायचं आणि कधी दाखवायचं हे जाणतो.

दुपारी १२:३०

एसएमपीएस घ्यायला पुन्हा पोवई नाक्यावर. काउंटरवर दोन ठेवले. एक ७५० चा. लेबलवर ५०० वॉट, कोणत्या कंपनीचा ते कळत नाही. दुसरा ३,६०० चा, ५५० वॉट, ब्राँझ प्रमाणपत्र, पाच वर्षं वॉरंटी. सरांनी दोन्ही पोराच्या दोन हातांत दिले.

“वजन बघ.”

स्वस्त डबा निम्मासुद्धा भरला नसता. आतली गुंडाळी, कॅपॅसिटर, पत्र्याचे हीटसिंक, सगळीकडं हात आखडलेला. लाइट वर-खाली झाली की असला डबा स्वतः जातो आणि जाताना बोर्ड घेऊन जातो. गेल्या पावसाळ्यात सरांकडं असे जळालेले बोर्ड दुरुस्तीला येत होते, आणि जळालेल्या बोर्डाची दुरुस्ती बहुतेक वेळा होत नाही.

या मशीनला आत्ता जेमतेम शंभर-सव्वाशे वॉट लागतील. मग ५५० कशाला? “पुढच्या वर्षीच्या कार्डाला,” सर म्हणाले. “तेव्हा फक्त कार्ड आणायचं, खोलून बसवायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

कॅबिनेट २,४५०. पुढं जाळी, दोन पंखे. बाजूला काच आहे, रंगीत दिवे नाहीत. इथं पोरानं एकदा विचारलं, आणि सरांनी एक छोटी दिव्यांची पट्टी काउंटरवरून उचलून स्वतःच्या खिशातून दिली. दीडशे रुपये. “लाव,” म्हणाले.

मॉनिटर २२ इंची, आयपीएस, सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा, ६,६००. दुकानातच लावून पांढरा, काळा, लाल, हिरवा असा पडदा करून मेलेला ठिपका आहे का बघितलं. कीबोर्ड-माउस ८५०. यूपीएस ६०० व्हीएचा, २,९००.

बेरीज ३८,७५०. सगळ्या मालावर मिळून सरांना डीलरकडून ११०० सुटले.

नाक्यावर दोन वडापाव, एक चहा. पोरानं पैसे द्यायला हात खिशात घातला, सरांनी तो तसाच धरला.

दुपारी १:५०

परतीची एसटी. दुपारच्या गाडीला गर्दी कमी. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी सरांच्या शबनममध्ये, मांडीवर. मॉनिटर पोराच्या दोन गुडघ्यांत उभा, आडवा ठेवायचा नाही. कॅबिनेट मागच्या बाकावर. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. रहिमतपूरच्या पुढं पावसाची एक सर आली आणि पोरानं अंगातलं जर्किन काढून मॉनिटरच्या खोक्यावर टाकलं.

दुपारी ३:४०

गाळ्याच्या मागच्या भागात लाकडी टेबल. त्यावर जुनी रबरी चटई. सरांनी हात धुतले, पुसले, आणि टेबलाखालून गेलेल्या लोखंडी पाइपला एकदा हात लावला. अंगातली स्थिर वीज उतरवायला.

हत्यारं मोजकी आहेत. चुंबकाचं टोक असलेला फुली स्क्रूड्रायव्हर, बारीक चिमटा, झिप टाय, मल्टीमीटर आणि एक जुनी, लांब चोचीची पक्कड. पक्कड आजोबांची. ते किर्लोस्करवाडीत फिटर होते. किर्लोस्करवाडी औंध संस्थानातच होती. पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभा केला, लोखंडी नांगर काढले. आजोबांची पक्कड आता कॅबिनेटमधले स्टँडऑफ घट्ट करते.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. प्रोसेसर बाहेर आला. याच्या पोटाला १,३३१ पिना आहेत, सोन्याचा मुलामा दिलेल्या, केसासारख्या. हातातून पडला तर दहा हजार गेले. कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, बोर्डावरही त्रिकोण आहे. दोन्ही जुळवून सरांनी प्रोसेसर नुसता ठेवला. दाबला नाही. तो आपोआप खाली बसला. मग दांडी खाली.

“आता रॅम तू लाव.”

पोराचा हात थरथरला. प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच. काडी मधल्या खाचेला जुळवायची आणि दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबायची. त्याला वाटलं बोर्ड मोडेल. सर म्हणाले, दाब. टक्‌ आवाज आला. दुसरी लावायला निघाला तर सरांनी थांबवलं. “ती राहू दे. रात्री.”

एसएसडीचा स्क्रू तांदळाच्या कणीएवढा. तो चिमट्यानं.

कूलर हा या जोडणीतला सगळ्यात त्रासदायक भाग. खोक्यातला कूलर चार स्क्रूंवर बसतो, पण बोर्डावर आधीच दोन प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या काढाव्या लागतात. त्या काढल्या की बोर्डाच्या मागची लोखंडी पट्टी सुटून खाली पडते. ती एका हातानं मागून धरायची आणि दुसऱ्या हातानं कूलर वरून ठेवायचा. थर्मल पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, म्हणून एकदा टेकवला की सरकवायचा नाही. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे, थोडे थोडे. एकच पूर्ण आवळला तर कूलर कलंडतो. दहा मिनिटं गेली. या दहा मिनिटांत समोर दोन बायका झेरॉक्सला आल्या आणि वहिनींनी त्यांना थांबवून ठेवलं, कारण त्या स्वतः मागं टॉर्च धरून उभ्या होत्या.

मग कॅबिनेट. मागच्या चौकोनात आधी पत्र्याचं शील्ड दाबून बसवलं. हे विसरलं की सगळं पुन्हा खोलावं लागतं. बोर्ड आत, नऊ स्क्रू. एसएमपीएस तळाशी, पंखा खाली. चोवीस पिनांची जाड वायर, प्रोसेसरची आठ पिनांची वायर, ती बोर्ड बसवण्याआधी मागून ओढून ठेवली होती. नंतर पुढच्या बटणाच्या बारीक वायरी. पॉवर, रिसेट, दोन दिव्यांच्या, त्यांना अधिक-उणे. अक्षरं इतकी बारीक की सरांनी चष्मा कपाळावर सारून नाक बोर्डाशी नेलं. चाळिशी लागलीय.

वायरी मागून बांधायला पाऊण तास. गिऱ्हाइकाला त्या कधीच दिसणार नाहीत. “वारा अडतो,” एवढंच सर म्हणाले.

संध्याकाळी ५:३५

मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावला. बटण. पंखे फिरले. पडदा काळा. पाच सेकंद, दहा सेकंद. पोरगा सरांकडं बघतोय, सर पंख्याकडं. पहिल्यांदा रॅम ओळखायला बोर्ड वेळ घेतो, हे त्यांना ठाऊक आहे. पोराला नाही.

डिस्प्ले आला.

बायोसमध्ये रॅमचा वेग २४०० दिसत होता. काडीवर ३२०० लिहिलंय. हा वेग हातानं चालू करावा लागतो, एक्सएमपी नावाच्या पर्यायातून. न केल्यास मशीन चालतं, कुणाला कळतही नाही, आणि दिलेले पैसे तसेच पडून राहतात. सरांनी ३२०० केला. रॅममधले दोन जीबी ग्राफिक्सला राखून ठेवले. सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू केलं, ते नसेल तर विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडत नाही.

विंडोज पेनड्राइव्हवरून टाकलं. चोरीचं टाकत नाहीत. परवान्याचे पैसे जवळपास प्रोसेसरएवढे पडतात, ते बजेटमध्ये नाहीत. म्हणून कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा अशी अक्षरं राहतील, पुढं पैसे जमले की परवाना घ्यायचा. हे त्यांनी पोराला स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी ६:५०

पोराचं घर, गावाबाहेर वस्तीवर. देव्हाऱ्यात घट बसलाय, माती ओली, दिवा तेवतोय. आजीनं कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं. “हाच का सीपीयू?” तिनं विचारलं.

सरांनी खोका उघडला नाही. आधी मल्टीमीटर काढला. होल्डर तीन पिनांचा आहे. फेज आणि न्यूट्रल : २०४ व्होल्ट. संध्याकाळची वेळ आहे, कमीच असणार. फेज आणि अर्थ : शून्य.

तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नव्हती. होल्डर बसवणाऱ्यानं भोक तेवढं ठेवलं होतं. अशा होल्डरवर कॉम्प्युटर चालतो. फक्त पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि कधी बिघाड झालाच तर विजेला जमिनीत जायला वाट नसते. सर म्हणाले, आज लावणार नाही. वडील म्हणाले, किती लागतील? वस्तीवरच वायरमन राहतो. त्याला फोन गेला. पाण्याच्या टाकीशेजारी, जिथं जमीन कायम ओली असते, तिथं बॅटरीच्या उजेडात लोखंडी रॉड ठोकला. घण वडिलांनीच मारला. रॉड ३५०, तांब्याची वायर २२०, वायरमनची मजुरी ३००. पुन्हा मीटर : फेज-अर्थ २०१.

माझ्या मते दिवसभरात खर्चलेल्या चाळीस हजारांपैकी हे ८७० सगळ्यात चांगले लागले.

रात्री ८:४५

सरांनी खेळाच्या फायली हार्डडिस्कवर आणल्या होत्या. मोबाइलच्या नेटवर उतरवायला दोन दिवस गेले असते. पोरानं आपलं खातं उघडलं. एका काडीवर पहिला डाव. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा ऐंशी-नव्वदमध्ये खेळतोय, गर्दी झाली की साठीला येतो.

बंद केलं. प्लग काढला. काच उघडली. दुसरी काडी पोरानं लावली, या वेळी हात थरथरला नाही. पुन्हा तोच नकाशा. आकडा सव्वाशेच्या पुढं. गर्दीतही शंभरच्या खाली फारसा आला नाही, आणि मॉनिटर शंभराचाच आहे. पोरगा काही बोलला नाही. खेळत राहिला.

वडील दारात उभं राहून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “सर, ह्याच्यावर दुधाचा हिशोब ठेवता येईल का?”

“आत्ता दाखवतो.” सरांनी खेळ थांबवला, एक कोरा तक्ता उघडला, तारीख, लिटर, फॅट, दर असे चार रकाने केले. आजचं सकाळचं माप वडिलांनी सांगितलं. पोरानं भरलं.

शेवटी यूपीएसचा प्लग ओढून बघितला. पीं पीं आवाज, मशीन चालू. दहा मिनिटं धरलं. पुरे.

रात्री १०:१०

गाळा. वहिनींनी दिवसभराचा गल्ला मोजून ठेवलाय : ७४०. झेरॉक्स, फोटो, फॉर्म.

सरांची वही. जोडणीची मजुरी १,०००. डीलरकडून ११००. वजा एसटी, लगेज, वडापाव, दिव्यांची पट्टी. सतराशेच्या आसपास राहिले. पहाटे पावणेसहापासून आत्तापर्यंतचे. पुढचं वर्षभर या पोराचा फोन आला की वस्तीवर जायचं, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, ही गावातली रीत आहे आणि सर ती पाळतात. पोराकडं ४२,००० मधले १,३८० उरले. हेडफोन घेईन म्हणाला.

डिसेंबरात मी सरांना पुन्हा फोन केला तेव्हा रॅमचे भाव दुपटीहून वर गेले होते. त्या दिवशी ३,५०० ला घेतलेली जोडी तेवढ्यात मिळायची सोय राहिली नव्हती. पहिलाच कॉम्प्युटर जोडणार असाल आणि दोन काड्या परवडत नसतील तर एक आठची काडी घेऊन सुरुवात करा, दुसरीची खाच मोकळी ठेवा. जुनं कार्ड चालवून, आकडा बघितल्याशिवाय घेऊ नका. एसएमपीएस हातात घेऊन वजन बघा. घरच्या होल्डरचं अर्थिंग सामान आणायच्या आधी तपासून घ्या. आणि जोडणाऱ्यानं हजार रुपये सांगितले तर घासाघीस न करता द्या.